चार मार्कांचा पडदा

संध्याकाळी क्लास सुटायच्या वेळेला लातूरच्या उद्योग भवन परिसरात किंवा आपल्या नांदेडच्या भाग्यनगरात उभं राहा. सायकल काढणाऱ्या कुठल्याही 'नीट'वाल्या पोराला विचारा, "माणसाच्या लाल रक्तपेशीच्या मेम्ब्रेनमध्ये प्रोटीन किती?" तो क्षणही न घालवता सांगेल, "बावन्न टक्के. लिपिड चाळीस." मॉडेल कुणाचं? "सिंगर-निकल्सन, १९७२, फ्लुइड मोझॅक." बरोबर आलं तर चार मार्क, चुकलं तर एक कट.

आता त्यालाच विचारा, "जुलाब झालेल्या पोराला देतो त्या मीठ-पाण्यात साखर कशाला घालायची?" मी बऱ्याच जणांना विचारून बघितलंय. उत्तरं दोनच येतात. एनर्जीसाठी, नाहीतर चवीसाठी!

मित्रांनो, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या प्रश्नाच्याच धड्यात आहे, आणि ते तिथं आहे हे आपल्याकडे कुणी सांगत नाही, ही माझी तक्रार आहे.

तुम्ही म्हणाल, केमिकलच्या मुलीला बायोलॉजीची ही उठाठेव कशाला? तर मास ट्रान्सफर शिकताना मेम्ब्रेन सेपरेशन आलं, आणि तेव्हा लक्षात आलं की आपण ज्याला युनिट ऑपरेशन म्हणतो ते आपल्या आतड्यात फुकट चाललेलं आहे. शिवाय आमच्या घरात आत्याचा मुलगा 'रिपीट' करतोय. भिंतीभर चार्ट लावलेत. चहा पितानासुद्धा सुटका नाही.

आधी शब्दाबद्दल. मी कॉन्व्हेंटची. शाळेत 'प्लाझ्मा मेम्ब्रेन' शिकले, स्पेलिंगसकट पाठ केलं आणि विसरले. नंतर चुलत बहिणीचं मराठी माध्यमाचं विज्ञानाचं पुस्तक हातात आलं. तिथं लिहिलं होतं 'प्रद्रव्यपटल', आणि पुढे 'निवडक्षम पारपटल'. पहिला शब्द अवघड वाटला, पण दुसरा...! 'निवडक्षम' म्हणजे निवड करण्याची क्षमता असलेलं. इंग्रजीतला 'सिलेक्टिव्हली परमिएबल' मला कधी काही बोलला नव्हता, हा पहिल्या वाचनात बोलला. आणि गंमत म्हणजे हा शब्द शिकून आलेल्या मुलांना अकरावी सायन्सला पहिल्याच महिन्यात तो विसरायला लावतात. असो.

हे पटल किती पातळ? सुमारे सात-आठ नॅनोमीटर. दहा हजारांच्या आसपास पटलं एकावर एक रचली तर एका केसाची जाडी भरेल. त्याला दोन थर असतात हे कसं कळलं, ती गोष्ट आपल्या प्रॅक्टिकलवाल्यांनी ऐकण्यासारखी आहे. १९२५ साली हॉलंडमधल्या लायडनला गॉर्टर आणि ग्रेंडेल या दोघांनी रक्तपेशी घेतल्या, अ‍ॅसिटोनने त्यातली चरबी काढली आणि ती पाण्यावर एक रेणू जाडीची पसरवली. पसरलेला भाग भरला पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट. म्हणजे दोन थर! पुढे कळलं की त्यांनी चरबी पूर्ण काढलीच नव्हती, आणि पेशींचं क्षेत्रफळही कमी धरलं होतं. दोन चुकांनी एकमेकींना खाल्लं आणि उत्तर बरोबर आलं. (आमच्या रीडिंगच्या बाबतीत हे नशीब कधी आलं नाही.)

दोनच थर का, याचं कारण साधं आहे. फॉस्फोलिपिडच्या रेणूचं डोकं पाण्याला चिकटणारं आणि दोन शेपट्या पाण्याला भिणाऱ्या. पेशीच्या बाहेर पाणी, आतही पाणी. मग शेपट्या लपवायला जागा एकच, मधोमध. डोकी बाहेरच्या आणि आतल्या पाण्याकडे, शेपट्या एकमेकींकडे. कुणी बांधकाम करत नाही, आपोआप रचलं जातं. आणि ही भिंत घट्ट नसते, तेलासारखी वाहती असते. १९७० साली फ्राय आणि एडिडिन यांनी उंदराची आणि माणसाची पेशी जोडून एक केली, तर चाळीस मिनिटांत दोघांची प्रोटीनं एकमेकांत मिसळून गेली. 'फ्लुइड' या शब्दाचा अर्थ हा! चार्टवर ते एक गोठलेलं रंगीत चित्र असतं.

आता या तेलकट थरातून ऑक्सिजन सहज जातो, पण मीठ जात नाही, साखर जात नाही. पाणीसुद्धा हवं तेवढ्या वेगानं जात नाही. म्हणून दारं, म्हणजे ती बावन्न टक्के प्रोटीनं. पाण्याचं दार वेगळं. त्याचं नाव अ‍ॅक्वापोरिन, आणि ते शोधणाऱ्या पीटर अ‍ॅग्रे यांना २००३ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं. लक्षात घ्या, केमिस्ट्रीचं! एका दारातून सेकंदाला अब्जावधी पाण्याचे रेणू जातात आणि मिठाचा एक आयन जात नाही.

हे वाचताना लातूरच्या माणसाला आर.ओ. आठवणारच. २०१६ साली मांजरा धरण आटलं आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा मी दहा वर्षांची होते. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. तेव्हापासून जार, फिल्टर, टीडीएस हे शब्द आमच्या घरात मीठ-मिरचीसारखे वापरतात. पण आर.ओ.चं पटल बिचारं मुकं आहे. मागून पंपाचा दाब द्या, पाणी पुढे ढकललं जाईल आणि बरंचसं पाणी मोरीत जाईल. पेशीला असा दाब देता येत नाही, ती केव्हाच फुटेल. तिची युक्ती वेगळी आहे, आणि साखरेचं उत्तर तिथंच आहे.

पेशीच्या पटलात एक पंप बसवलेला असतो. तो एका एटीपीच्या मोबदल्यात तीन सोडियम बाहेर फेकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. रात्रंदिवस हेच काम. त्यामुळे आत सोडियम कायम कमी, बाहेर जास्त. म्हणजे आपल्या गच्चीवरची भरलेली टाकी! एकदा टाकी भरली की खाली येणाऱ्या पाण्यावर काहीही चालवता येतं. आतड्याच्या पेशीत सोडियमला आत यायची घाई असते, पण तिथलं एक दार असं आहे की सोडियम आणि ग्लुकोज दोघं बरोबर आले तरच ते नीट चालतं. दोन सोडियम, एक ग्लुकोज. दोघं आत गेले की त्यांच्यामागे पाणी परासरणानं आपोआप जातं. कॉलऱ्यात दुसऱ्या दारांतून पाणी बदाबदा बाहेर पडत असतं, तेव्हाही हे जोडीचं दार शाबूत राहतं. नुसतं पाणी पाजलं तर टिकत नाही, नुसतं मीठ-पाणीही फारसं शोषलं जात नाही. साखर ही सोडियमच्या सोबतीचं तिकीट आहे. चवीचा काही संबंध नाही. साखर जास्त झाली तर तीच उलटं पाणी आतड्यात ओढते आणि जुलाब वाढतात. म्हणून कोल्ड्रिंक पाजू नये.

हे दार असावं असं रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली मांडलं. १९७१ मध्ये बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ आणि ग्लुकोजचं पाणी ड्रममधून लोकांना पाजलं. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं, ते चार टक्क्यांच्या खाली आलं. डॉक्टर २०२२ साली गेले, पद्मविभूषण २०२३ ला जाहीर झालं. आपल्याकडे त्या पुडीचं नाव किती छान आहे... जलसंजीवनी.

आणि आपल्याकडे होतं काय? मागच्या उन्हाळ्यात गावाकडे शेजारच्या लेकराला जुलाब लागले. लेकरू खेळत होतं, पाणी मागत होतं. तरी सगळ्यांचं एकच, सलाईन लावा. मी पुडी आणली तर आजी म्हणाली, "सलाईन लावल्याबिगर ताकद कशी येईल माय?" शेवटी लावलंच. गावातल्या डॉक्टरांनीही नाही म्हटलं नाही, पैसे घेतले. नॉर्मल सलाईनच्या अर्धा लिटरच्या बाटलीत ताकद किती असते माहितीये? साडेचार ग्रॅम मीठ. बस्स. लेकरू सुस्त पडलं, डोळे खोल गेले, प्यायलेलं पोटात ठरेना, तर दवाखाना आणि सलाईनच हवं, त्यात वाद नाही. पण हे लेकरू तसं नव्हतं. आणि आमचा रिपीटर तिथंच उभा होता. सोडियम-ग्लुकोजची जोडी त्याला पाठ आहे, मी नंतर विचारलं तर धडाधड सांगितलं. आजीला सांगायचं मात्र त्याला सुचलं नाही. हा प्रश्न असा कधी 'आलेला' नव्हता ना!

पॅटर्नला नावं ठेवायची फॅशन मला करायची नाही. शेतकऱ्याची, शिक्षकाची पोरं त्याच्या जोरावर डॉक्टर झाली, पुण्या-मुंबईच्या पोरांच्या बरोबरीनं बसली. ते खरंच आहे. पण ज्या दोन शहरांत हजारो मुलं दरवर्षी हा धडा पाच-पाचदा रिव्हाइज करतात, त्यांच्या आसपासच्या गावांत जलसंजीवनीला पाण्याची पुडी म्हणून हसतात, हे मला पटत नाही. क्लासवाल्या सरांनी त्या दोन टक्केवाऱ्यांच्या शेजारी दहा मिनिटं काढून ही साखरेची गोष्ट सांगितली तर सिलॅबस काही मागे पडणार नाही. पोरांचे चार मार्कही जाणार नाहीत, उलट पक्के होतील.

आणि सरांची वाट कशाला बघायची? आपलं एनएसएसचं शिबिर आहेच. दरवर्षी आपण तिथं रस्ता झाडतो आणि पथनाट्य करतो. यंदा एक संध्याकाळ मला द्या. बिटाच्या फोडी धुऊन थंड पाण्यात टाकू, पाणी जवळजवळ स्वच्छ राहील. तशाच फोडी कढत पाण्यात टाकू, लालभडक होईल, कारण उष्णतेनं पटलं फुटतात. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवू. पाणी का सुटतं हे लोणचं घालणाऱ्या बायकांना आपल्यापेक्षा जास्त कळेल. मग एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, सगळ्यांसमोर मोजून करू आणि साखर का घालायची ते सांगू, त्यांच्या भाषेत.

बीट आणि कैऱ्या मी आणते. शेगडी कुणीतरी आणा.