सायंकाळच्या कलावर्गास गावाचा आश्रय

चिकोडी, निपाणी, सदलगा या टापूत शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंतचा जो काळ मुलांच्या वाट्यास येतो, त्याची चिंता वाहणारी व्यवस्था अपवादानेच आढळते. ज्यांच्या घरी परवडते ती मुले शिकवणीस जातात. परंतु ज्यांचे आईबाप उसाच्या फडात, तंबाखूच्या वखारीत किंवा विड्यांच्या सुपापाशी सांजेपर्यंत गुंतलेले असतात, त्यांच्या मुलांचे ते दोन तास कोणाच्याच हिशेबी नसतात. या दोन तासांत गायन, वादन, चित्रकला, नाट्य यांपैकी काही तरी रीतसर शिकविण्याची तजवीज प्रत्येक मोठ्या गावाने स्वतःच्या खर्चाने करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

ही मागणी या भूमीस परकी नाही. येथून जवळच, कुरुंदवाड येथे 1872 साली जन्मलेल्या विष्णु दिगंबर पलुस्करांची दृष्टी बालपणी फटाक्याच्या अपघाताने अधू झाली आणि त्यांचे शालेय शिक्षण खुंटले. तेव्हा मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी त्यांची संगीतसाधना होऊ शकली, ती तेथील संस्थानाधिपतींच्या आश्रयामुळे. परंतु 1901 साली लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन करताना याच पुरुषाने भिस्त ठेवली ती दरबारावर नव्हे, लोकांवर. त्यांचे शिष्य, मिरजेचे बी. आर. देवधर, यांच्या मुंबईतील विद्यालयात बेळगावजवळच्या सुळेभावीचा, घरी कानडी बोलणारा शिवपुत्र कोमकळी शिकला. त्यालाच आपण कुमार गंधर्व म्हणून ओळखतो. चित्रकलेतही हेच दिसते. बेळगावात के. बी. कुलकर्णी यांच्यासारखे गुरू होते, म्हणून रवी परांजपे यांच्या हाताला कोवळ्या वयात वळण लागले. प्रतिभा ईश्वरदत्त असेल. तिला वेळेवर भेटणारा गुरू मात्र समाजालाच उभा करावा लागतो. संस्थाने विलीन झाली, दरबार मिटले, आणि त्यांनी वाहिलेला तो भार आपल्या शिरावर आला, ही गोष्ट आपण अद्याप मनापासून स्वीकारलेली नाही.

वर्गणी जमविण्याची विद्या येथे कोणास शिकवावी लागत नाही. तालमीच्या आखाड्यात तांबडी माती पडते ती गावाच्या पैशाने, आणि पहिलवानाच्या खुराकाची काळजी गाव वाहते. कडोली, कारदगा, येळ्ळूर येथील ग्रामस्थ मराठी साहित्य संमेलने भरवितात, मंडप घालतात, पाहुण्यांच्या पंगती उठवितात. या उत्साहापुढे शहरांनी मान लववावी. परंतु मंडप उतरल्यावर, व्यासपीठासमोर तल्लीन होऊन बसलेल्या त्या शाळकरी मुलीला, जिच्या मनात त्या दिवशी काही तरी लिहावे असे आले असेल, दुसऱ्या दिवशी कोठे जावयाचे हे सांगणारे कोणी असते काय? एका दिवसाच्या सोहळ्यासाठी जमणाऱ्या निधीचा काही अंश बाराही महिने चालणाऱ्या वर्गासाठी दरसाल बाजूस काढला, तर सोहळ्याची शोभा उणी होणार नाही.

कलेने पोट भरत नाही, हा आक्षेप मी क्षुल्लक मानीत नाही. दारिद्र्य पाहिलेल्या बापाच्या तोंडी तो आला तर त्याचा मान राखला पाहिजे. तथापि या वर्गांतून व्यावसायिक कलावंत निघावेत अशी अपेक्षाच नाही. निपाणीच्या महादेव मोऱ्यांनी पिठाची गिरणी चालवीत कथा-कादंबऱ्या लिहिल्या आणि तंबाखूच्या वखारींतील कष्टकऱ्यांचे जगणे मराठी साहित्यात आणले. आपले सुखदुःख आपल्या शब्दांत मांडता येणे हा ज्याच्या त्याच्या माणूसपणाचा हक्क आहे, आणि तो केवळ विलक्षण जिद्दीच्या माणसालाच मिळावा, हे न्याय्य नव्हे. रत्नाकर मतकरींनी ठाण्यातील वस्त्यांमधल्या मुलांसाठी वंचितांचा रंगमंच उभारला, त्याचे मोल मला याच कारणासाठी मोठे वाटते.

आणखी एक गोष्ट. 1956 च्या राज्यपुनर्रचनेपासून या मुलखातील मराठी व कानडी मुले निरनिराळ्या शाळांत आणि पुष्कळदा निरनिराळ्या गाऱ्हाण्यांत वाढत आहेत. भाषेचा न्याय जेथे मागावयाचा तेथे मागावाच. पण भजनी मंडळाचा मृदंग, करडीचा ठेका आणि श्रीकृष्ण पारिजाताचे सोंग ज्या मातीत एकत्र नांदले, त्या मातीतील कलावर्गाच्या दारावर भाषेची पाटी असू नये.

खर्चाची तरतूद अवघड नाही. सायंकाळी रिकामी पडणारी शाळेची खोली, गावातलाच एखादा निवृत्त शिक्षक किंवा भजनातला जाणता पेटीवादक, त्याला दरमहा नियमित मानधन, एक पेटी, एक तबलाजोडी, कागद आणि रंग: एवढ्यावर आरंभ होतो. ग्रामपंचायतीने खोली द्यावी, पतसंस्थांनी व साखर कारखान्यांनी मानधनाचा भार उचलावा, आणि जमाखर्च दर वर्षी ग्रामसभेपुढे वाचला जावा. मात्र खोली गावाच्या मध्यभागी असावी आणि वर्ग दिवेलागणीच्या आत सुटावा. नाही तर मुली येणार नाहीत, आणि त्या आल्या नाहीत तर वर्ग अर्ध्या गावाचाच राहील.