वाड्याचे सागवान घनफुटात मोजण्यापूर्वी

यवतमाळ जिल्ह्यातल्या जुन्या वाड्याची किंमत सहसा दोन मापांत ठरते: जागा चौरस फुटात आणि सागवान घनफुटात. वणी, दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड इथल्या जुन्या वस्तीत एखादा वाडा दुरुस्तीला निघाल्याची कुणकुण लागली, की आधी लाकूड घेणारा येऊन मयालींवर थाप मारून जातो. वास्तुविशारदाला बोलावणे जाते तोवर ओसरीचे निम्मे खांब गाडीत चढलेले असतात. घनफुटाच्या हिशेबात कोरीव गणेशपट्टीची चौकट आणि तेवढ्याच आकाराचा ओंडका यांचा भाव जवळपास सारखाच. सुताराची मजुरी, कुसू-खाचेचे सांधे आणि शंभर वर्षे वाळून स्थिरावलेला सागाचा गाभा यांची त्यात मोजदाद नसते. तसले लाकूड आज वखारीत मागून मिळत नाही. लागवडीतला कोवळा साग दिसायला साग असला, तरी त्यात वाळवी ज्याच्या वाटेला सहसा जात नाही तो पक्का गाभा कमी आणि बाहेरचे फिके लाकूड जास्त असते.

जिल्ह्यातल्या या घरांत बहुधा दोन काळ एकत्र नांदतात. जुना थर स्थानिक मालाचा आहे: काळ्या पाषाणाचे जोते, पांढऱ्या मातीच्या किंवा दगड-मातीच्या जाड भिंती, सागाचे खांब आणि मयाली, त्यांवर फाटे आणि हातथापीची अर्धगोल कवेलू. दुसरा थर कापसाच्या पैशाचा आणि रेल्वेचा. यवतमाळ-मूर्तिजापूर ही नॅरो गेज लाइन, म्हणजे सर्वांची ‘शकुंतला’, विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात आली आणि लांबून माल आणणे सोपे झाले. मंगलोरी कौले (त्यांचा पहिला कारखाना बासेल मिशनने मंगळूरला १८६५ मध्ये काढला), लोखंडी गर्डर, बिडाचे कठडे, रंगीत काचा आणि पुढे नक्षीच्या सिमेंट टाइल्स ही व्यापारी घरांची नवी मिरवण्याची साधने झाली. त्यामुळे मागचे माजघर मातीचे आणि पुढची माडी बिडाच्या कठड्याची, असे घर दिसले तर त्यात विसंगती काही नाही.

इथेच पहिला व्यावसायिक प्रश्न उभा राहतो: मूळ म्हणायचे कशाला? सगळे नंतरचे थर खरवडून घर ‘पेशवाई’ करण्याची हौस मालकांना असते, आणि काही सल्लागार ती पुरवतातही. वऱ्हाडातल्या कापूस-व्यापाऱ्याच्या घराला पुण्याच्या वाड्याची महिरप बसवणे हा निव्वळ खोटेपणा आहे. इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली, ती याच हौसेविरुद्ध. चर्चची नंतरची बांधकामे पाडून ती काल्पनिक मध्ययुगात नेऊन बसवण्याचा तेव्हा सपाटा चालला होता. नियम साधा ठेवता येतो. जे चांगल्या कारागिरीचे आहे आणि घराच्या इतिहासात आपल्या जागी बसलेले आहे, ते १८५० चे असो वा १९३० चे, राहू द्यावे. गेल्या तीसेक वर्षांतली प्लायवूडची फाळणी आणि संगमरवरी तुकड्यांची फरशी निघाली तर कोणी रडणार नाही.

हातोडा उचलण्यापूर्वी नोंद. मोजमापाचा नकाशा, प्रत्येक खोलीच्या चारही भिंतींची छायाचित्रे आणि सुट्या होऊ शकणाऱ्या प्रत्येक वस्तूला क्रमांक. खडूचा आकडा पहिल्या पावसात जातो आणि ऑइलपेंटचा जन्मभर राहतो, म्हणून न दिसणाऱ्या बाजूला पत्र्याची टिकली ठोकणे बरे. खांबाची तोंडे कोणत्या दिशेला होती हेही टिकलीवर कोरावे. हाताने घडवलेले दोन खांब एकमेकांच्या जागी बसत नाहीत. बिजागऱ्या, कडी-कोयंडे, अडसर, खुंट्या, गज यांची यादी वेगळी करावी. कामावरून सर्वांत आधी नाहीशी होते ती पितळेची कडी, आणि तिचा पत्ता नंतर कोणालाच लागत नाही.

दुरुस्तीचा क्रम ठरलेला असावा: शक्यतो वस्तू जागेवरच ठेवून दुरुस्त करायची, ते जमत नसेल तर काढून, दुरुस्त करून तिथेच बसवायची, तेही नसेल तर त्याच घरात दुसरीकडे वापरायची. घराबाहेर देणे सर्वांत शेवटी. ओसरीच्या खांबाचे उदाहरण घेता येईल. खांब कुजतो तो बहुतेक वेळा तळाशी, वीतभर, तेही दगडी तळखडा नंतरच्या फरशीखाली गाडला गेल्यामुळे. बाकीचा खांब ठणठणीत असतो, तरी पूर्ण खांब बदलण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. खरे तर मयालीला दोन्ही बाजूंनी टेकू देऊन भार हलका करावा, टोच्याने टोचून कूज कुठवर गेली ते पाहावे आणि त्याच्या चार बोटे वर निरोगी लाकडात तिरका काप घ्यावा. त्याच घरातून निघालेल्या जुन्या सागाचा तुकडा, रेषा खांबाच्या रेषेला जुळवून, उतरत्या सांध्याने बसवावा आणि लाकडी मेखांनी पक्का करावा. लोखंडी पट्टी लागलीच तर स्टेनलेसची. मग फरशी खोदून तळखडा पुन्हा उघडा करावा. हे राहिले तर तोच खांब काही वर्षांत पुन्हा कुजेल. हाताखाली एक माणूस असलेला चांगला सुतार हे काम खांब बदलण्याहून कमी पैशांत करतो. असा सुतार मिळणे अवघड आहे, हे मान्य.

दारे-खिडक्यांवर पिढ्यान्‌पिढ्यांचे ऑइलपेंटचे थर असतात. ते काढायला कॉस्टिक सोडा वापरला की साग काळवंडतो, रेषा भुसभुशीत होतात आणि खाचांत उरलेला सोडा पुढचे पॉलिश उचलून टाकतो. गरम हवेचा झोत आणि पत्री खरवडणी हा मार्ग बरा, मात्र ताप बेताचा हवा. भारतात घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा घालणारे नियम २०१६ चे आहेत, अंमल २०१७ च्या नोव्हेंबरपासूनचा. त्याआधीच्या रंगांत शिसे आहे असेच धरून चालावे. जुना रंग कोरडा घासायचा नाही, ब्लोलॅम्पने जाळायचा तर मुळीच नाही; खरवड ओल्या पोत्यावर गोळा करावी, कारागिरांना योग्य मास्क द्यावेत आणि घरातली लहान मुले तेवढे दिवस दुसरीकडे हलवावीत. प्रत्येक चौकट उघड्या लाकडावर आणलीच पाहिजे असेही नाही. बऱ्याच दारांना मुळातच रंग होता.

भिंतींचे सर्वाधिक नुकसान सिमेंटने केले आहे. मातीची किंवा चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढला की ओल आत अडकते, वर सरकते आणि गिलाव्याच्या वरच्या कडेला लोणा फुटतो. मालक मग तिथपर्यंत आणखी सिमेंट चढवतो. उपाय उलटा आहे. सिमेंट हलक्या हाताने उतरवावे, भिंत एक उन्हाळा वाळू द्यावी आणि चुन्याचा गिलावा पातळ थरांत करावा. चुन्यासाठी लांब जावे लागत नाही. जिल्ह्याचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा असला, तरी वणीच्या बाजूला चुनखडीचा दगड आहे आणि राजूरला चुनाभट्ट्या आहेत. कळीचा चुना आणून, विझवून, पाण्याखाली निदान दोन-तीन आठवडे मुरवावा. दुकानातली हवा लागलेली जुनी पिशवी निम्मी खडूच झालेली असते, तिला जोर नसतो. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश घट्ट होतो, आणि त्याला तोवर ओलावा लागतो. यवतमाळच्या मे महिन्यात उघड्या भिंतीवर केलेला गिलावा सुकतो, पण जमत नाही. दसऱ्यानंतरचे महिने या कामाचे.

तड्यांबाबत घाई नको. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि पाया मुरमापर्यंत गेला नसेल तर भिंतीही तिच्याबरोबर हलतात. तड्यावर काचेची पट्टी चिकटवून एक पावसाळा आणि एक उन्हाळा पाहावे. पट्टी शाबूत राहिली तर तडा जुना आणि झोपलेला आहे. दगड-मातीच्या भिंतीची खरी कमजोरी वेगळीच असते. तिचे आतले आणि बाहेरचे अंग एकमेकांना बांधणारे आरपार दगड पुष्कळदा नसतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात अशाच भिंती आणि माळवदावरचा मातीचा बोजा लोकांच्या अंगावर आला. त्यामुळे गिलावा उतरलेला असतानाच ठरावीक अंतरावर आरपार बांध घालून घ्यावेत आणि धाब्यावर वर्षानुवर्षे साचलेली माती उतरवून आवश्यक तेवढाच थर ठेवावा.

छपरात कवेलू टाकून पत्रा घालण्याकडे कल आहे, आणि माकडांचा उच्छाद पाहता तो समजण्यासारखाही आहे. पत्रा घालायचाच तर तो कौलांखाली, हवेला वाट ठेवून घालता येतो. बाहेरून छप्पर तेच राहते. उतरवलेली कौले एकावर एक आडवी न रचता उभी लावावीत. मंगलोरी कौलाच्या पाठीवर कारखान्याचे नाव असते, आणि एका कारखान्याचे कौल दुसऱ्याच्या खोबणीत बसेलच असे नाही. फुटक्यांची भर काढताना ही नावे जुळवावीत आणि मागच्या, न दिसणाऱ्या उतारावरची शाबूत कौले पुढे आणावीत. नक्षीच्या सिमेंट टाइल्सचेही तेच: खोलीच्या कडेच्या, पलंगाखाली राहिलेल्या टाइल्स मधल्या झिजलेल्या जागी येतात. कमी पडल्याच तर मुंबईची १९२२ पासूनची भारत फ्लोरिंग्ज अजून तशा टाइल्स बनवते.

एवढे करूनही काही वस्तू उरतात, किंवा वाडा खरोखरच उतरवावा लागतो. उतरवलेली चौकट भिंतीला तिरकी टेकवून ठेवली की महिन्याभरात पिळवटते. ती सपाट ओंडक्यांवर, आतून आडव्या पट्ट्या मारून, छपराखाली ठेवावी. दुसऱ्या घरी द्यायची असेल तर दार, चौकट, उंबरठा आणि बिजागऱ्या एकत्र द्याव्यात, कोणत्या गावच्या कोणत्या भागातून निघाली त्या नोंदीसह. संग्रहालय हा आणखी एक मार्ग. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात वाड्यांचे कोरीव दरवाजे आहेत आणि कोथरूडहून सोडवून आणलेला मस्तानी महाल पुन्हा उभारलेला आहे. नोंदीशिवाय तशी उभारणी होऊ शकत नाही.

कायद्याकडे मात्र या व्यवसायात सर्रास दुर्लक्ष होते. १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियमात किमान शंभर वर्षे जुन्या पुरावशेषांच्या व्याख्येत इमारतीपासून सुटी केलेली वस्तूही येते. पुरावशेषांचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ते परदेशी पाठवता येत नाहीत. मोठ्या शहरातला सजावटीच्या वस्तूंचा दलाल कोरीव चौकटीचा रोख भाव देतो तेव्हा ही बाब तो सांगत नाही. साग वाहून नेताना वन विभागाचे नियमही आडवे येतात. लाकूड जुने असले तरी ते कोणत्या घरातून निघाले याचा ग्रामपंचायतीचा किंवा नगरपरिषदेचा कागद, मालकाचे पत्र आणि उतरवण्यापूर्वीची छायाचित्रे घेऊन आधी वन परिक्षेत्र कार्यालयात विचारणा करावी. गाडी नाक्यावर अडल्यानंतर हे कागद जमवणे अवघड जाते. अंदाजपत्रकात नोंद, टेकू, साठवण आणि सुताराचे दिवस यांच्या स्वतंत्र बाबी लिहाव्यात आणि निघालेले सर्व सामान मालकाचे राहील हे कलम करारातच घालावे. हे कलम नसले की जुने सागवान ठेकेदाराच्या ‘मलबा’ या सदरात जाते.