डिस्क टकटक करते तेव्हा

सांगलीहून आपाचा फोन आला. "कॉम्प्युटर चालू होतोय रे, पण फार हळू. आणि आतून टकटक येतंय." मी साताऱ्यातून एवढंच म्हणालो, "बंद कर. आता चालू करू नको." पण तीन दिवस ती आणि भाचा तो सारखा चालू करून बघत होते. गल्लीतल्या जाणकारानं त्यावर डिस्क दुरुस्त करायची तपासणीही चालवली होती.

माझा राग या तपासणीवर आहे. विंडोजची 'चेकडिस्क' बिघडलेली डिस्क बरी करत नाही. ती फायलींची मांडणी जुळवते, आणि त्यासाठी मरायला टेकलेल्या तबकडीवर पुन्हा लिहिते. मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेणाऱ्या त्या तबकडीवरचं हेड जागा सापडेना की मागे जातं, परत येतं. तोच टकटक आवाज. तो सतत येत असेल तर घरचा कुठलाही उपाय नको, थेट डेटा काढणाऱ्या प्रयोगशाळेत जावं. फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला तर ऐकूच नये, आत दव धरतं.

आपाच्या डिस्कचा आवाज अधूनमधून होता. आधी साटा केबल बदलून पाहिली, कधी कधी दोष तिथंच असतो. मग स्मार्ट अहवाल पाहिला, वाचता न येणारे सेक्टर वाढत होते. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं आणि 'डीडीरेस्क्यू'नं नव्या डिस्कवर नक्कल घ्यायला लावली. हे साधन आधी धडका भाग उचलतं, खराब जागा मागे ठेवतं आणि कुठवर आलो त्याची नोंद ठेवतं, म्हणून मध्येच थांबवता येतं. दोन रात्री लागल्या. फायली शोधायच्या त्या नंतर, नकलेवर.

दुकानात द्यायला आपा तयार नव्हती. त्यात भाचीच्या लग्नाचे, घरातल्या बायकांचे फोटो होते. लोकांना हे जुनाट वाटेल, मला नाही वाटत. डिस्क देणं म्हणजे घराची किल्ली देणं. शिवाय त्यातच दादांच्या शाळेच्या दाखल्याची, सातबाऱ्याची स्कॅन होती. कागद सांभाळायची आमच्या घरातली धास्ती २०१९ च्या डिसेंबरनंतर कमी झालेली नाही, वाढलीच आहे.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी ४५. तेव्हा आपानं गाद्यांआधी हाच डबा वरच्या मजल्यावर नेला होता. पुरातून वाचलेली डिस्क कोरड्या टेबलावर गेली. एवढं जपूनही दुसरी प्रत मात्र कुणी काढली नव्हती, मीही नाही. आणि तीच तर स्वस्तातली गोष्ट होती.

आता एक प्रत माझ्याकडे, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला, आणि एक तिच्याकडे. महिन्याच्या पहिल्या जुम्म्याला आम्ही दोघं उघडून बघतो.

दाखला मिळाला, लग्नाचे फोटो मिळाले. अब्बांच्या आवाजातल्या सत्तावीस फायली होत्या, त्यांतल्या एकोणीस उघडतात.