‘पोलीस ॲक्शन’ आणि कायद्याचे कायदेपण

धाराशिव जिल्ह्यातल्या जुन्या माणसांना जन्मसाल विचारले, तर ‘पोलीस ॲक्शनच्या आधी दोन वर्सं’ असे उत्तर मिळे. सोलापूरकडून रणगाडे आले, १३ सप्टेंबर १९४८ रोजी, पहिल्याच दिवशी, नळदुर्ग घेतले गेले आणि पाचव्या दिवशी हैदराबादच्या निजामाची फौज शरण आली. रणगाडे, तोफा, विमाने सगळे होते. तरी त्याला युद्ध म्हणायचे नाही, असे दिल्लीने ठरवले होते. युद्ध दोन राष्ट्रांत होते. आपल्या घरात होते ती पोलिसी कारवाई. हैदराबाद हे स्वतंत्र राष्ट्र नाही, हा सगळा युक्तिवाद त्या दोन शब्दांत बसवलेला होता. ते शब्द आमच्या गावांनी कालगणनेसाठी उचलले.

दिल्लीने हे शब्द जपून निवडले ते आंतरराष्ट्रीय कायद्याकडे पाहून. तरीही ‘आंतरराष्ट्रीय कायदा हा कायदाच नव्हे’ असे ठासून सांगणारे पुष्कळ आहेत. त्यांचा पूर्वपक्ष दुबळा नाही. कायद्यामागे दंड हवा, दंडामागे राजा हवा. राष्ट्रांवर राजा कोण? इंग्रज विधिज्ञ जॉन ऑस्टिन याने १८३२ साली हेच मांडले: सार्वभौमाची आज्ञा आणि तिच्यामागची शिक्षा म्हणजे कायदा, आणि राष्ट्राराष्ट्रांतले नियम ही फार तर नीती. पुरावा म्हणून हे लोक आमच्याच जिल्ह्याकडे बोट दाखवतात. निजामाची तक्रार पॅरिसला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे १६ सप्टेंबरला आली. हैदराबादकडून मोईन नवाझ जंग, भारताकडून रामस्वामी मुदलियार बोलले. तोवर नळदुर्ग पडून तीन दिवस झाले होते. २२ तारखेला निजामाने तक्रार मागे घेतल्याची तार केली. निकाल सैन्याने लावला, परिषद बोलत राहिली.

ही कसोटी मान्य करून पाहू. ऑगस्ट १९४७ नंतर निजामावर वरिष्ठ सत्ता उरली नव्हती. त्याच्याकडे फौज होती, पोलीस होते, तुरुंग होते आणि त्याचे फर्मान मोडणाऱ्याला शिक्षा होती. ऑस्टिनच्या मापाने हा शंभर नंबरी कायदा. आणि त्याच राज्यात लातूरचा वकील कासिम रझवी निजामाची बाजू घेणाऱ्या रझाकारांची फौज उभी करतो, गावे लुटली जातात, माणसे रातोरात हद्द ओलांडून बार्शी-सोलापूरकडे जातात. (लातूर तेव्हा याच जिल्ह्यात होते.) दंड हेच कायद्याचे लक्षण असेल, तर दारात बंदूक घेऊन उभ्या असलेल्या रझाकाराच्या हुकमात आणि कायद्यात फरक काय? एच. एल. ए. हार्ट यांनी १९६१ साली हीच शंका बंदूकधाऱ्याच्या उदाहरणाने मांडली होती. बंदुकीपुढे माणूस नाइलाजाने वाकतो. कायदा पाळणे हे आपल्यावर बंधन आहे, असे त्याला वाटते. आमच्या आज्यापणज्यांना हा फरक समजायला ग्रंथ लागला नाही.

शिवाय, कायदा नुसता देखावा असता तर त्याची इतकी ओढाताण कोणी केली असती? निजामाने संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतली कलमे शोधली, भारताने राष्ट्राच्या अंतर्गत कारभारात संयुक्त राष्ट्रांनी हात न घालण्याचे कलम पुढे केले. परिषदेने विषय कार्यक्रमपत्रिकेवर घेताना आठ मते पडली, तीन देश तटस्थ राहिले. बळावर भागत असते, तर भारताला ‘युद्ध’ हा शब्द टाळण्याची गरजच नव्हती.

दुसऱ्या बाजूचा आक्षेप मला अधिक अवघड वाटतो: १९४७च्या भारत स्वातंत्र्य कायद्याच्या सातव्या कलमाने ब्रिटिशांचे अधिराज्य संपले, म्हणून निजाम सार्वभौम झाला, म्हणून कारवाई बेकायदा. कलमाचा शब्द पाहिला तर हा युक्तिवाद हसण्यावारी नेता येत नाही. पण सार्वभौमत्व म्हणजे पडलेले छत्र नव्हे, की पहिला हात लावील त्याचे. व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने २७ मार्च १९२६ च्या पत्रात निजामाला बजावले होते की हिंदुस्थानात ब्रिटिश राजसत्ताच सर्वोच्च आहे. ब्रिटिश अधिराज्यात परराष्ट्र व्यवहार हैदराबादकडे नव्हता. २९ नोव्हेंबर १९४७च्या ‘जैसे थे’ कराराने तो वर्षभर भारताकडेच ठेवला होता. राज्य म्हणवून घ्यायला इतर राज्यांशी संबंध ठेवण्याची क्षमता हवी, असे १९३३च्या माँटेव्हिडिओ करारातले लक्षण. आणि प्रजा? तिला कोणी विचारले होते?

इथे आमच्या जिल्ह्याचा आणखी जुना कागद काढायला हवा. १८५३ साली निजामाने पलटणीच्या थकलेल्या खर्चापोटी वऱ्हाड, रायचूर दुआब यांच्याबरोबर नळदुर्ग-धाराशिवचा मुलूखही इंग्रजांकडे लावून दिला. मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी कारभार पाहायला नळदुर्गात बसला. १८५७ला निजाम इंग्रजांच्या बाजूने राहिला, म्हणून १८६०च्या तहाने रायचूर दुआब आणि हा मुलूख परत. गहाण पडलेल्या शेताप्रमाणे जिल्हा गेला आणि आला. कुळांना कोणी पुसले नाही. त्या काळच्या कायद्याने त्यात काहीच गैर नव्हते. १९४५च्या सनदेने लोकांच्या स्वयंनिर्णयाचे तत्त्व लिहून ठेवले आणि राजाच्या सहीपुढे रयतेचा प्रश्न उभा राहिला. आंतरराष्ट्रीय कायद्याचा खरा पराक्रम मी इथे पाहतो. दंड वाढला नाही. कोणाच्या संमतीला किंमत, हे बदलले. निजामाचा दावा याच ठिकाणी ढासळतो.

पण हेच तत्त्व धरून चाललो तर आपल्याच बाजूची एक गोष्ट गिळता येत नाही. ‘घरचा मामला’ म्हटल्यावर घरात काय झाले ते विचारायचेच नाही का? कारवाईच्या वेळी आणि नंतर या भागात मुसलमानांवर जे अत्याचार झाले, त्यांची चौकशी भारत सरकारनेच पंडित सुंदरलाल यांच्या समितीकडे दिली. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत समितीने उस्मानाबाद (म्हणजे आजचे धाराशिव), गुलबर्गा, बीदर आणि नांदेड धरले आणि त्या चारांत मिळून मेलेल्यांची संख्या अठरा हजारांहून कमी नसावी असे म्हटले. तो अहवाल दशकानुदशके लोकांसमोर आला नाही. रझाकारांच्या हातून मेलेल्यांची आठवण दर १७ सप्टेंबरला, निजामाच्या शरणागतीच्या दिवशी, निघते, निघायलाच हवी. त्याच जिल्ह्यातल्या या मृतांना मात्र आपल्या भाषणांत जागा नसते.

ज्या पॅले द शायो वास्तूत हैदराबादचा प्रश्न मांडला गेला, तिथेच तीन महिन्यांच्या आत, ९ डिसेंबर १९४८ला वंशसंहारविरोधी करार आणि दुसऱ्याच दिवशी मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत झाला. राज्याच्या हद्दीच्या आतही माणूस एकटा नाही, असे राष्ट्रांनी पहिल्यांदा लिहून दिले. सुंदरलाल समिती त्याच हिवाळ्यात हैदराबाद संस्थानातल्या गावांतून फिरत होती.