धांदरट म्हणण्याआधी

औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी संस्थानात सूर्यनमस्काराचा प्रसार केला. त्यामुळे की काय, आमच्याकडे कोणी विसराळू निघाला की 'पहाटे उठून नमस्कार घाल' हाच सल्ला मिळतो. व्यायाम चांगलाच, पण चाळिशीतही ज्याचे वीजबिल दरवेळी राहून जाते, हातातले काम अर्धवट टाकून जो दुसऱ्याला हात घालतो, त्याला कदाचित एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा व अतिचंचलतेचा त्रास असू शकेल. त्याच्या खुणा वयाच्या १२ वर्षांच्या आतच दिसतात. म्हणून डॉक्टर शाळेतले प्रगतिपुस्तक मागतात. रक्त तपासून हा विकार कळत नाही. शिवाय थायरॉईड, अपुरी झोप, नैराश्य यांतही लक्ष उडते, तेही पाहावे लागते. पाच मिनिटांत उरकण्याचे हे काम नव्हे.

आणि इथेच गाडे अडते. जन्मभर 'आळशी' म्हणून बोलणी खाल्लेला माणूस डॉक्टरांपुढेही चुका लपवतो. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगणमध्ये व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच नव्या रुग्णांना धीर देतात. तसा, स्वतः हा त्रास भोगलेला डॉक्टर वा समुपदेशक या तपासणीतही का नसावा? अर्थात निदान मानसोपचारतज्ज्ञानेच करावे. नुसत्या अनुभवावर औषध देता येत नाही.

खासगी दवाखान्यात फी आधीच विचारून घ्यावी. त्याआधी कोणाशी बोलावेसे वाटले तर 'टेलि-मानस'चा १४४१६ हा सरकारी दूरध्वनी विनामूल्य आहे. साताऱ्याला तपासणीस जाताना शाळेचे जुने कागद, आणि जमल्यास आईलाही, बरोबर न्यावे.