खेळाचे नियम मुलांना लिहू द्या

गणिताच्या तासाला खेळ असावेत, यावर आता कुणाचं दुमत उरलेलं नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही गणित शिकवताना कोडी आणि खेळ नियमितपणे वापरा, असं म्हटलं आहे. मला त्याच्या पुढचं सांगायचं आहे. मुलांच्या हातात तयार खेळ देऊन थांबू नका. खेळाचे नियम त्यांना लिहू द्या, आणि शक्यतो दोघांच्या नाही, तिघा-चौघांच्या खेळाचे.

मी माण तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सहावी ते आठवीला गणित शिकवते. सध्या ‘गणिती खेळ’ म्हणून शाळांमध्ये जे येतं, त्यातलं बहुतेक मोबाइलवरचं असतं. पडद्यावर गुणाकार येतो, उत्तर बरोबर आलं की चांदणी उजळते. ही गणितं सरावाला बरी आहेत, पण खेळ त्यांच्यावर साखरेच्या पुटासारखा चढवलेला असतो. पूट काढलं तरी आतला गुणाकार तोच राहतो. मुलाने तिथे काही ठरवायचं नसतं. ठरवणारा आधीच ठरवून गेलेला असतो.

ठरवण्याची सवय आपल्या मुलांना नाही, असं मात्र नाही. गल्लीतलं क्रिकेट पाहा. भिंतीपलीकडे चेंडू गेला की आउट, एक टप्पा पडून झेल घेतला तरी आउट, हे कायदे जागा किती आणि चेंडू कुणाचा ते पाहून मुलंच करतात. धाकटं भावंड खेळायचा हट्ट धरतं तेव्हा त्याला ‘कच्चा लिंबू’ करतात, म्हणजे ते खेळेल पण त्याच्यावर राज्य येणार नाही. वेगवेगळ्या वयाची मुलं एकाच डावात कशी सामावायची, या अवघड प्रश्नाला मुलांनी दिलेलं हे उत्तर आहे आणि ते पिढ्यान्‌पिढ्या टिकलं आहे. चल्लस-आठचे नियम गावागणिक बदलतात. नवकंकरीचे पट तर लेण्यांच्या आणि देवळांच्या फरशीवर कोरलेले सापडतात. खेळ रचणारा हा समाज गणिताच्या वर्गात आला की हाताची घडी घालून बसतो. हे बदलायला हवं.

वर्गात मी हे कसं करते ते सांगते. चौघांचा एक गट. साहित्य चिंचोके, खडू आणि फरशी. गटाने एक नवा खेळ रचायचा आणि त्याचे नियम एका पानावर लिहायचे. मग ते पान दुसऱ्या गटाला द्यायचं. तो गट फक्त वाचून खेळेल आणि रचणाऱ्यांनी तोंड उघडायचं नाही. खरं शिकणं या गप्प बसण्यात आहे. आपण लिहिलेलं वाक्य समोरचा भलत्याच अर्थाने घेतो आहे, हे पाहताना मुलांचा जीव वरखाली होतो. ‘एका वेळी दोनपर्यंत चिंचोके उचलायचे’ असं लिहिलेलं असतं. समोरचा काहीच न उचलता म्हणतो, ‘माझी पाळी झाली.’ शून्यही दोनपर्यंतच येतं ना! मग दुसराही शून्य उचलतो, तिसराही, आणि खेळ जागचा हलत नाही. पुढच्या वेळी त्या गटाच्या पानावर ‘किमान एक’ हे शब्द आलेले असतात, आणि ते कुणी सांगून आलेले नसतात.

पाठ्यपुस्तकातल्या व्याख्या मुलांना जाचतात, कारण त्यातल्या अटी कशासाठी आहेत हे त्यांना दिसत नाही. १ ही मूळ संख्या का नाही, हे मूल पाठ करतं. स्वतःच्या खेळाला ‘किमान एक’ जोडलेल्या मुलाला मात्र ते लवकर उमजतं. १ ला मूळ मानलं तर ६ चे मूळ अवयव २ आणि ३, की १, २ आणि ३, की १, १, २ आणि ३, याला शेवटच उरत नाही. अट घातली नाही तर डाव मोडतो, म्हणून ती घातली आहे. व्याख्या हा गणित नावाच्या खेळाचा नियम आहे आणि तो विचार करून केलेला आहे, हा विश्वास नियम लिहिल्यानेच येतो.

दुसरा प्रश्न मी प्रत्येक गटाला विचारते: तुमचा खेळ संपणारच, हे कशावरून? ‘संपतोच की बाई’ हे उत्तर मी घेत नाही. इथे मी त्यांना स्प्राउट्स हा खेळ दाखवते. १९६७ साली केंब्रिजमध्ये जॉन कॉनवे आणि मायकेल पॅटरसन या दोघांनी तो रचला. कागदावर काही ठिपके द्यायचे. पाळी आली की दोन ठिपके रेषेने जोडायचे किंवा एका ठिपक्यातून निघून पुन्हा त्याच ठिपक्यात यायचं, आणि त्या नव्या रेषेवर एक नवा ठिपका मांडायचा. रेषेने रेषा छेदायची नाही. एका ठिपक्याला तीनपेक्षा जास्त रेषा येता कामा नयेत. शेवटची खेळी करेल तो जिंकला. नवे ठिपके येतच राहतात, मग हा खेळ संपावा तरी कसा? प्रत्येक ठिपक्याला तीन जीव आहेत असं माना. एका खेळीत दोन जीव जातात, आणि नवा ठिपका जन्मतःच दोन रेषांना जोडलेला असल्यामुळे एकच जीव घेऊन येतो. म्हणजे प्रत्येक खेळीला एकूण एक जीव कमी होतो. तीन ठिपक्यांनी सुरुवात केली तर नऊ जीव, आणि खेळीला निदान दोन जीव लागतात, म्हणून जास्तीत जास्त आठ खेळ्या. सातवीचं मूल ही सिद्धता स्वतः मांडू शकतं. रेषेवर नवा ठिपका मांडायची कल्पना पॅटरसनची होती आणि खेळाचं सगळं वैशिष्ट्य त्या एका वाक्यातून आलं. म्हणून श्रेयाची वाटणी करताना त्या दोघांनी पॅटरसनला तीन पंचमांश आणि कॉनवेला दोन पंचमांश दिलं. एका नियमाचं मोल किती असतं, हे मुलांना यातून कळतं.

आता तिघांच्या खेळाचा आग्रह मी का धरते, ते सांगते. दोघांच्या खेळाचं गणित आखीव असतं. ढिगातून वस्तू उचलायच्या ‘निम’ या खेळाचं पूर्ण शास्त्र हार्वर्डच्या चार्ल्स बाउटन यांनी १९०१ मध्येच मांडलं. एका ढिगातून दर वेळी एक किंवा दोन चिंचोके उचलायचे आणि शेवटचा उचलेल तो जिंकला, असा खेळ दोघांत खेळला तर समोरच्यासाठी तीनच्या पटीत चिंचोके ठेवत जायचं, इतकंच गुपित आहे. माझ्या वर्गाला ते लवकर सापडलं. मग एका गटाने हाच खेळ तिघांचा केला आणि त्यात भांडण लागलं. एक मुलगी उठून म्हणाली, “बाई, ह्याला जिंकायचं न्हाय, ह्याला निस्तं मला हरवायचंय.”

तिची तक्रार खरी होती आणि ती कागदावर सिद्ध करता येते. चार चिंचोके उरले आहेत आणि पाळी पहिल्याची आहे. त्याने एक उचलला तर तीन उरतात. दुसऱ्याने एक उचलला काय किंवा दोन, उरलेले सगळे उचलून तिसरा जिंकतो. पहिल्याने दोन उचलले तर उरलेले दोन उचलून दुसरा जिंकतो. पहिला स्वतः कसाही जिंकू शकत नाही, पण कुणाला जिंकवायचं हे मात्र तोच ठरवतो. इथे हिशेब थांबतो आणि मैत्री, राग, मधल्या सुट्टीतला वाद हे सगळं डावात शिरतं. जॉन फॉन नॉयमन आणि ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांनी १९४४ च्या आपल्या ग्रंथात हेच दाखवलं की तिसरा खेळाडू आला की युती हा नवाच विषय सुरू होतो. माणच्या शाळेतली मुलं फरशीवर बसून त्याच प्रश्नाशी येऊन पोचली होती.

उपाय त्याच मुलीने काढला. तिने नियमांच्या पानावर एक ओळ वाढवली: शेवटचा चिंचोका उचलेल त्याचा पहिला नंबर, त्याच्या आधीची खेळी ज्याची त्याचा दुसरा, राहिलेल्याचा तिसरा, आणि प्रत्येकाने स्वतःचा नंबर जितका वर नेता येईल तितका न्यायचा. आता चार चिंचोके उरले असताना पहिल्याने एक उचलला तर तो तिसरा ठरतो आणि दोन उचलले तर दुसरा. त्याने काय करावं हे आता त्याच्या मर्जीवर राहिलं नाही, हिशेबावर आलं.

मग आम्ही फळ्यावर एकापासून तक्ता मांडला. किती चिंचोके उरले असता पाळी असलेल्याचा कितवा नंबर येतो? एक आणि दोनला पहिला. तीन आणि चारला दुसरा. पाचला तिसरा, कारण एक उचला किंवा दोन, शेवट तिसऱ्याच्याच हाती जातो. सहा आणि सातला पुन्हा पहिला, आठ आणि नऊला दुसरा, दहाला तिसरा. दोघांच्या खेळात तीनची पट वाईट होती, म्हणून तिघांच्या खेळात चारची असेल, असा वर्गाचा अंदाज होता. निघाली पाचची. तक्ता प्रत्येक वेळी मागच्या दोनच ओळींवरून बनतो. त्या दोन ओळी तशाच परत आल्या की पुढचं सगळं तसंच परत येणार, हे कारणही मुलांनीच सांगितलं. एका ओळीच्या नियमाने भांडण मिटलं आणि त्यातून एक प्रमेय हाती आलं. मुलांना गणिताबद्दल याहून मोलाचं काय देता येईल, ते मला तरी माहीत नाही.

या सगळ्यावर माझे सहकारी जे आक्षेप घेतात ते खोटे नाहीत. पोर्शन पुरा होत नाही. शिष्यवृत्तीच्या परीक्षेत खेळ रचायला सांगत नाहीत. वर्गात गलका होतो. त्यांना माझं उत्तर असं, की पंधरवड्यातून एक तास यासाठी काढला तर पोर्शन कोलमडत नाही, आणि त्या तासात पट, बाकी, शक्यता मोजणं, कारण देणं हे सगळं अभ्यासक्रमातलंच येतं. मुलं एका पानावर नेमकं, दुसरा अर्थ निघणार नाही असं मराठी लिहायला शिकतात, हा भाषेच्या तासालाही झालेला फायदा आहे. गलका होतो हे खरं. पण तो गलका ‘हा नियम असा का’ याचा असतो, आणि एरवी अशा प्रश्नाची वाट पाहत आम्ही शिक्षक वर्षं काढतो.

आणखी एक गोष्ट मी पाहिली आहे. पाढ्यांत अडखळणारी मुलं नियमांतली फट ओळखण्यात बहुधा पुढे असतात. रडीचा डाव ओळखणारी नजर त्यांच्याकडे असते. सराव परीक्षेत तिला गुण नाहीत, गणितात मात्र तिला फार मोठी जागा आहे. उदाहरण कुठे फसतं ते शोधणं, हे गणितज्ञाचं रोजचं काम आहे.

आपल्याकडे याची परंपराही आहे. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी आयुष्यभर संख्यांसाठी स्वतःचे नियम केले आणि ते कुठवर नेतात ते पाहिलं. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने, आणि मोठ्यातून लहान वजा करा. येईल त्या संख्येवर पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही ६१७४ वर येता. जगभर त्या संख्येला आज कापरेकरांचं नाव आहे. नियम करायची परवानगी त्यांनी कुणाकडे मागितली नव्हती. आपली मुलं मात्र आपण ती देऊ म्हणून थांबली आहेत.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. पहिली, सहावी ते आठवीच्या गणितात ‘खेळ रचा’ हा उपक्रम अधिकृतपणे यावा आणि त्याचे गुण कोण जिंकलं यावर नसावेत, नियमांच्या पानावर असावेत. खेळ संपतो का, पाळी कुणाची याबद्दल शंका राहते का, पहिली पाळी मिळाली की जिंकलाच असं तर नाही ना, आणि तिघांचा खेळ असेल तर हरणारा जिंकणाऱ्याला निवडत नाही ना, या चार प्रश्नांवर ते द्यावेत. दुसरी, शिक्षकांच्या प्रशिक्षणात एक दिवस शिक्षकांनी स्वतः खेळ रचावा आणि तो दुसऱ्यांना खेळताना गप्प बसून पाहावा. तिसरी, तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात थर्माकोलच्या प्रतिकृतींशेजारी अशा खेळांना एक टेबल मिळावं, आणि परीक्षक म्हणून दुसऱ्या शाळेतली मुलं बसावीत.

यातल्या कशालाही निधी लागत नाही. लागतो तो मोठ्यांचा एक निर्णय, की नियम करणं हे मुलांचंही काम आहे. ही मुलं उद्या ग्रामसभेत बसतील, पाणीवाटपाच्या पाळ्या ठरवतील, बचत गटाचे आणि सोसायटीचे नियम करतील. तिथेही तिघांहून अधिक माणसं असतील, आणि स्वतः जिंकू न शकणारा कुणीतरी दुसऱ्याला पाडू शकेल. अशा वेळी नियमाच्या कागदावर बोट ठेवून ‘ही ओळ अशी बदला’ असं सांगणारी माणसं गावाला हवी असतील, तर ती ओळ बदलण्याचा सराव त्यांना सातवीच्या वर्गातच मिळायला हवा.