टाइनहॅमचें खेडें

इंग्लंडांतील डॉर्सेट परगण्यांत टाइनहॅम हें खेडें आहे. डिसेंबर १९४३ मध्यें, महायुद्ध चालू असतां, सैन्याच्या सरावासाठीं तें रिकामें करविण्यांत आलें. घरें जपावीं, आम्ही परत येऊं, अशी विनंती चर्चच्या दारावर लावून ग्रामस्थ निघाले. परंतु १९४८ मध्यें सरकारनें तें कायमचें घेतलें. घरांचीं छपरें गेलीं. एलिझाबेथ राणीच्या काळचा वाडा १९६७ च्या सुमारास बहुतांशीं पाडला गेला. चर्च व १९३२ मध्येंच बंद झालेली शाळा मात्र दुरुस्त होऊन उभीं आहेत. हें स्तुत्य खरें. पण तेवढ्यानें खेडें राखलें, असें आम्हांस वाटत नाहीं. दगड राखले, ग्रामस्थांचा विश्वास राखला नाहीं. वाचकहो, वास्तूचें रक्षण तींत नांदणाऱ्या माणसांपासून आरंभावें.